तळ्यांच्या मुलखात मुराळी

सासुरवाशीण लेकीला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. हे काम भावाचं. आमच्या असोद्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर कितीतरी भाऊ अजूनही मोटारसायकलला किक मारून बहिणीच्या गावाला निघतात. आमच्या घरातून मात्र मुराळी म्हणून मी गेले. ह्यांच्या हृदयाचं दुखणं पाहून डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला नाही म्हटलं होतं, आणि ह्यांच्या बहिणीचं घर होतं कॅनडात. तेही टोरांटोसारख्या ऐकून माहीत असलेल्या शहरात नाही. ऑन्टारिओ प्रांताच्या पार वायव्येला, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि पुढे नुसतं जंगल आणि तळी, अशा एका खाणीच्या गावात.

इंदू माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन धुळ्याहून असोद्याला आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती, मी एकोणीस. ‘नणंदेला ताईच म्हणायचं’ अशी सासूबाईंची ताकीद असल्यामुळे घरात ती इंदूताई, मळ्यातल्या विहिरीवर मात्र नुसती इंदू. विहिरीच्या काठावरून ती बेधडक उडी टाकायची. माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिनेच मला पोहायला शिकवलं. माझ्या धुळ्याकडच्या बोलण्याची नक्कल करत ती पाण्यातून ओरडायची, “वयनी, पानी थंडं शे का वं?” तीन वर्षं आम्ही अशी एकत्र काढली. मग तिचं लग्न झालं. वसंतराव खाणीतले इंजिनिअर. ते तिला आधी झारखंडकडे आणि मग कॅनडात घेऊन गेले. त्यानंतर माझ्यासाठी इंदू म्हणजे रविवारच्या फोनमधला आवाज.

वसंतराव गेले त्या हिवाळ्यात ती महिनाभर असोद्याला येऊन राहिली होती. दिवसभर झोपाळ्यावर बसायची. जो येईल तो हळहळायचा, ती सगळ्यांना “हो, हो” म्हणायची. एकदा तिला तापीवर जायचं होतं, तर माझा मुलगा म्हणाला, “आत्या, ऊन फार आहे, नंतर जाऊ.” ते नंतर काही आलं नाही. ती परत गेल्यावर ह्यांनी एकच धोशा लावला, “ये ना वं इंदे. कोन हाये तिकडे तुले?” तिची मुलं लांबच्या शहरांत, आपापल्या नोकऱ्यांत. ह्यांनी गच्चीवर तिच्यासाठी खोली बांधली, गुडघ्यांना त्रास नको म्हणून कमोड बसवला. शेवटी ती “येते” म्हणाली. कायमची.

मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. मुलं-सुना चांगली आहेत, पण माझी थट्टा करणारं, माझ्या बरोबरीचं असं घरात कोणी उरलेलं नाही. म्हातारपण इंदूसोबत जाणार या विचाराने मी नव्या खोलीची खिडकी रोज पुसत होते.

तिची अट फक्त एक होती. वसंतराव होते तेव्हा दर वर्षी ते दोघं तिथल्या राखीव जंगलात नावेतून फिरायला जात. “शेवटचं एकदा पान्यावर चल माझ्यासंगं,” ती म्हणाली. “मंग सामान बांधू.”

खाणीचं गाव

विमानं, विमानतळ आणि विनिपेगहून गाडीचा रस्ता यांत सांगण्यासारखं काही नाही. ऑगस्ट संपत आला होता आणि तिथे मी उतरले तर आपल्या पौषातली थंडी.

इंदू पायरीवर उभी होती. शाल गुंडाळलेली, खांदे झुकलेले. गळ्यात पडली तेव्हा ती किती बारकी झालीये ते हाताला कळलं. तिने वरण-बट्टी केली होती, पण बट्ट्या कच्च्या राहिल्या होत्या आणि वरणात मीठ नव्हतं. जेवताना ती मध्येच उठून खिडकीशी जायची आणि कशाला उठलो ते विसरायची. असोद्यातल्या माणसांची चौकशी करताना ज्यांचे दहावे-तेरावे होऊन वर्षं लोटली त्यांनाही “कशी हायेत?” विचारत होती. मी मनात म्हटलं, बरं झालं आले. हिला इथे एक दिवससुद्धा ठेवण्यात अर्थ नाही.

पाण्यावर

त्या जंगलात रस्ताच नाही. चाकांऐवजी पायांना पोकळ तरंगते असलेलं छोटं विमान तळ्यावरून उडतं आणि तळ्यावरच उतरतं. पायलट म्हणजे रबरी बूट घातलेली पंचविशीची मुलगी. तिने आमची नाव विमानाच्या पायाला दोरांनी करकचून बांधली, जशी आपल्याकडे एसटीच्या टपावर खाट बांधत.

वरून पाहिलं तर अतिवृष्टीनंतर कपाशीच्या शेतात सऱ्यांमध्ये पाणी साचून राहावं तसा सगळा मुलूख. पाणी, मध्ये काळपट हिरवी झाडांची पट्टी, पुन्हा पाणी. घर नाही, वाट नाही, विजेचा खांब नाही. पायलटने आम्हाला एका तळ्यावर उतरवलं, आठवड्याने खालच्या तळ्यावरून उचलायचं ठरवलं आणि ती उडाली. विमानाचा आवाज विरला आणि इतकी शांतता झाली की मला माझ्याच कानांत घुमणारं ऐकू यायला लागलं.

“इंदू,” मी म्हटलं, “इथं काही झालं तर?”

तिच्याकडे संकटात खबर देणारं एक छोटं यंत्र होतं, ते तिने दाखवलं. मग नाव पाण्यात ढकलली, हाताने धरून ठेवली आणि म्हणाली, “वयनी, मधोमध पाय ठेव. उभी नको राहू. आन ताई म्हनाची विसरली तू, आयकलं मी.”

त्या नावेला ते ‘कनू’ म्हणतात. आमच्याकडे कनू म्हणजे शेजारचा एखादा पोरगा. त्यामुळे पहिला दिवस मला हसूच येत होतं. लांबट, निमुळती, उचलायला हलकी आणि जरा वाकडं बसलं की लगेच रागावणारी. मी पुढे, इंदू मागे. मागचा माणूस दिशा देतो, पुढच्याने नुसतं वल्हं मारायचं. माझ्या वल्ह्याने निम्मं पाणी इंदूच्या अंगावर जात होतं.

तिथले खडक गुळगुळीत आणि करडे, म्हशीची पाठ पाण्यातून वर यावी तसे. झाडं उंच नाहीत; थंडीने आखडलेली, सडपातळ, टोकदार पानांची. मध्येच पांढऱ्या सालीची झाडं उजळून दिसायची. त्या झाडाची साल कागदासारखी सुटते. भूर्जपत्र हा शब्द मी शाळेत शिकले आणि बालवाडी चालवायचे तेव्हा मुलांनाही सांगितला, पण ते हातात धरलं इथे. ही त्याच जातीची झाडं. इंदूने त्या सालीने चूल पेटवली. भर पावसात भिजली तरी ती पेटते, असं म्हणाली.

आणि पाणी! इंदू वल्हवता वल्हवता वाकायची, ओंजळ भरायची आणि प्यायची. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. नजर जाईल तिथवर पिण्याचं पाणी, आणि प्यायला कोणी नाही.

चुंबळ

दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की नावेतून उतरायचं आणि सगळं सामान खांद्यावर घेऊन पलीकडच्या तळ्यापर्यंत जंगलातून चालत जायचं. पहिल्या वेळी मला वाटलं, इंदू कोणाला तरी हाक मारेल. तिने नाव उलटी करून डोक्यावर घेतली आणि चालू लागली! घरी मीठ विसरणारी, खिडकीशी जाऊन हरवणारी बाई पाठ ताठ करून दगडांवरून चालली होती, आणि नावेच्या पोटातून तिचा आवाज येत होता, “डावीकडे चिखल हाये, मुळावर पाय दे!”

पाठीवरच्या पिशवीने माझे खांदे भरून आले. मग मी पदर काढला—म्हणजे ओढणी. तिथे साडी कुठली, मी सुनेचा पंजाबी ड्रेस घातला होता—चुंबळ वळली आणि पिशवी डोक्यावर घेतली. इंदूने मागे वळून पाहिलं आणि नाव तशीच डोक्यावर धरून इतकी हसली की तिला बसावं लागलं.

हसण्याची माझीही पाळी आली. पलीकडच्या काठावर शेवाळावरून माझा पाय घसरला आणि पिशवीसकट मी गुडघाभर पाण्यात बसले. कणकेची पिशवी भिजली. आता ती टिकणार नाही म्हणून त्या दुपारी आम्ही खडकावर बसून सगळ्या कणकेच्या पोळ्या केल्या, बाटलीने लाटून. पुढचे दिवस त्याच शिळ्या पोळ्या, मी नेलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या आणि लसणाची चटणी.

एका संध्याकाळी भरीत केलं. विनिपेगच्या दुकानातून आणलेली काळी वांगी. आमच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांची सर त्यांना नाही. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात, इथे पाइनची लाकडं. भरताला डिंकाचा वास लागला. मी नाक मुरडलं, इंदू बोटं चाटत होती. “मले आते हाच वास बरा लागते,” ती म्हणाली. मी त्याकडे तेव्हा लक्ष दिलं नाही.

समोर पाण्यावर एक काळा-पांढरा पक्षी ओरडत होता. लून म्हणतात त्याला. टिटवीचं ओरडणं अशुभ मानतो आपण. हा तर कोणी रडता रडता हसावं तसा ओरडतो. मला शहारे आले. इंदूने तोंडाशी हात धरून तशीच साद घातली आणि पक्ष्याने उत्तर दिलं. “वसंतरावांनी शिकवलं,” ती म्हणाली.

वारा

पुढे एक मोठं तळं होतं. ते ओलांडायला निघालो आणि निम्म्या वाटेत वारा सुटला, म्हणून एका बेटावर थांबलो. तो वारा दोन दिवस थांबला नाही. तंबू फडफडत होता. आम्ही रानातल्या निळ्या आंबटगोड बोरांसारख्या फळांनी ओंजळी भरत होतो आणि बोलत होतो. मी तिला खोलीचं सांगितलं, खिडकीतून लिंबाचं झाड कसं दिसतं, सकाळी चहा गच्चीवर कसा घेऊ. इंदू म्हणाली, “भाऊनं किती केलं माझ्यासाठी.” मग जरा वेळाने, “वयनी, तिथं मी दिवसभर काय करू?”

“काही नको करू. आरामात राहा.”

ती हो म्हणाली. झोपाळ्यावर म्हणायची तसंच हो.

तिसऱ्या सकाळी वारा पडल्यासारखा वाटला आणि आम्ही निघालो. मधोमध पोचलो तेव्हा तो पुन्हा उठला. आता मागे बेट जेवढं लांब, पुढे किनाराही तेवढाच. लाटा नावेच्या काठाशी यायला लागल्या. पाणी मांडीवर आलं, बर्फासारखं. भीतीने माझे हात वल्ह्यावर गोठले.

“वयनी! गुडघ्यांवर बस!” मागून आवाज आला. “खाली! वल्हं मार! थांबू नको!”

“इंदू, बुडतो आपण!”

“नाही बुडत! लाट येऊ दे, तिच्या अंगावर तिरकी जाऊ आपन. तू फक्त मार! मार वयनी, मार!”

मी मारत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. खांदे माझे राहिले नव्हते. प्रत्येक लाटेला नाव चढायची, क्षणभर थांबायची आणि उतरायची, आणि प्रत्येक वेळी मागून इंदू ओरडायची, “आली! गेली! आली! गेली!” एकदा मान वळवून पाहिलं. तिचे पांढरे केस तोंडावर चिकटले होते, डोळे चमकत होते, आणि ती हसत होती. विहिरीच्या काठावरून उडी टाकण्याआधी हसायची तशी.

नाव वाळूला लागली तेव्हा मी रडत होते. तिला वाटलं भीतीने. भीती होतीच, पण रडू त्याचं नव्हतं. ज्या इंदूसाठी मी इतकी वर्षं झुरले, जिला घरी न्यायला आले होते, ती मला सापडली होती. आणि ती फक्त इथेच होती. असोद्याला आलेली ती नव्हतीच. खोलीत जी येऊन राहील तीही ही नसणार.

भाताची खाडी

शेवटच्या तळ्याच्या एका उथळ खाडीत पाण्यातून गवत वर आलेलं होतं, आणि त्यात एक कनू शिरलेली. त्यात दोन बायका. इंदूने लांबूनच हाक मारली, “डोरीन!”

डोरीन इंदूची मैत्रीण, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, आनिशिनाबे लोकांतली. वय आमच्याएवढंच. मागे तिची मुलगी बांबूसारख्या काठीने नाव पुढे ढकलत होती. डोरीन एका काठीने ते गवत नावेवर वाकवायची आणि दुसरीने हलकेच झोडायची. दाणे सळसळत नावेत पडत. तो तिथला रानभात; इंदूही दर वर्षी डोरीनच्या नावेत बसून तो झोडायची. काळपट, लांब, टोकाला कुसळ. कोणी पेरत नाही, आणि सगळा झोडायचा नाही. पाण्याचा वाटा पाण्यात पडू द्यायचा.

काठावर त्यांनी आम्हाला तो भात खाऊ घातला, माशासोबत. मी मासा खात नाही म्हटल्यावर डोरीनने नवलाने पाहिलं आणि मला भाताचा दुप्पट ढीग वाढला. चव तांदळाची नाही. भाजलेल्या ज्वारीच्या जवळची, धुरकट. मी तिला बिबडी भाजून दिली. ज्वारीचा तो पापड तिने दोन्ही बाजूंनी निरखून कुडुम करून मोडला आणि मुलीला म्हणाली, हे पिशवीत ठेव.

निघताना ती इंदूला हळूच काहीतरी म्हणाली. इंदूने नाव पाण्यात ढकलली. नाव लांब आल्यावर मी विचारलं, “काय म्हणाली गं?”

“म्हने, तू चालली आसं आयकलं. पुढच्या वर्षी भाताच्या वक्ताले माझ्या नावेत पुढं कोन बसीन?”

तिचं वल्हं त्यानंतर पाण्यातून निघालं, पण पुन्हा पाण्यात जायला वेळ लागला.

विमानाची वाट

शेवटच्या सकाळी तळ्यावर धुकं होतं. सामान खडकावर बांधून ठेवलेलं. इंदू बसून बुटांतली वाळू काढत होती. मोठं तळं ओलांडल्यापासून जे मनात होतं ते मी बोलले.

“इंदू, तू नको येऊ.”

तिने बूट खाली ठेवला. “काय?”

“कायमची नको येऊ. ये, राहा, मन भरेपर्यंत राहा. पण परत इकडे यायचं आहे असं ठरवून ये.”

मग तिचा चेहरा लाल झाला. “मुराळी म्हनून आली ना तू? आन माहेराचं दार लावून घेतीस?”

“दार नाही लावत गं. तू त्या झोपाळ्यावर बसलीस की मला बघवत नाही.”

“आन इथं म्हातारपनात मले कोन बघीन? पाय मोडला, आंथरुनाले खिळले, तं कोन?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आजही नाही. “तिथं आम्ही बघू, हे खरं आहे. पण कोणाला बघू?”

ती उठून पाण्याशी गेली, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, मी जन्माचं तोडलं. धुकं वर चढलं, पलीकडची झाडं दिसू लागली. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि माझ्या शेजारी खडकावर बसली, खांद्याला खांदा लावून.

“भाऊले काय सांगशीन?” तिने विचारलं.

“जे आहे ते.”

“रागावीन तो.”

“रागावू दे.”

मग तिने माझा हात घेतला. वल्ह्याने तळव्यांना फोड आले होते, ते ती बोटाने चाचपत राहिली. “मले तुह्यासोबत राहाचं व्हतं, वयनी,” ती म्हणाली. “खोलीसाठी नाही हो म्हटलं मी. तुह्यासाठी म्हटलं.”

विमानाचा आवाज येईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

असोदा

मी एकटी उतरले. हे जळगाव स्टेशनवर आले होते. माझ्यामागे, डब्याच्या दाराकडे, बघत राहिले. इंदूने फोनवर सांगितलं होतं, तरी बघत राहिले. घरी पाण्याचा तांब्या हातात घेतल्यावर म्हणाले, “आणाले पाठवलं व्हतं तुले.”

मी सगळं सांगितलं. तळं, वारा, डोरीन, खडकावरचं बोलणं. ऐकून ते उठून मळ्यात गेले. कितीतरी दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. रविवारी फोन ते घेत, “बरी हाये ना?” विचारत आणि माझ्याकडे देत. दोषाचं ओझं मी घेतलं होतं. ते मी नाकारलं नाही. गच्चीवरच्या खोलीत आता आम्ही हरभऱ्याची पोती ठेवली आहेत. खिडकी मी अजून पुसते.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी, रविवार नसताना, फोन वाजला. तिकडे सकाळ. मी भाकरी थापत होते, पीठभरल्या हाताने फोन उचलून तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“वयनी, भाऊ हाये का? त्याले बोलाव. लवकर. तळं गोठू रायलं.”

हे ओसरीवरून आले. इंदू म्हणाली, “भाऊ, काही बोलू नको. नुसतं आयक,” आणि तिने फोन तिकडे बर्फावर ठेवला असावा, कारण तिचा श्वास ऐकू येईना.

आधी काहीच नाही. मग लांबून कोणी ताणलेल्या तारेवर काठी मारावी तसा आवाज आला, झणकारत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत गेला. मग खोल हुंकार, पोटातून. मग पुन्हा तार. पाण्याचं बर्फ होताना ते असं बोलतं, हे मला इंदूने बेटावर सांगितलं होतं, ऐकलं पहिल्यांदाच.

हे चुलीपाशी उकिडवे बसले. फोन दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेला, जणू तो मोठ्या आवाजावर नव्हताच. तव्यावरची भाकरी जळायला लागली, मी ती काढली. ह्यांनी वर पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने तिकडून इंदूचा आवाज आला, “आयकलं का, भाऊ? उचलू फोन?”

“नको उचलू,” हे म्हणाले. “आजून थोडं आयकू दे.”